प्रकल्प-ग्रस्त : शब्द कुठे तोडायचा?

गेल्या वर्षी ऑफिसात माझ्याकडे एक बग आला. बग म्हणावा की नाही, असा. सरकारी अर्ज भरण्याचं एक अ‍ॅप आम्ही बनवत होतो. इंग्रजीत सगळं नीट दिसत होतं. मराठी लावलं की छोट्या फोनवर एक शब्द बटणात मावत नव्हता. शब्द होता ‘प्रकल्पग्रस्त’. फोनने तो आपल्या मनाने तोडला होता. वरच्या ओळीत ‘प्रक-’ आणि खालच्या ओळीत ‘ल्पग्रस्त’.

टेस्टिंग करणारी मुलगी बंगळुरूची. तिने चित्र पाठवून विचारलं, ‘हे बरोबर आहे का?’ मी लिहिलं, ‘नाही.’ तिने पुढे विचारलं, ‘मग कुठे तोडायचा?’

मी ओव्याचा. पनवेलजवळचं, खारघरच्या डोंगरापायथ्याचं ओवे. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द मी शाळेत शिकलो नाही, घरात शिकलो. आजोबांच्या ट्रंकेत दाखला होता, त्यावर तो होता. लग्नाच्या बोलणीत तो येई, भावकीच्या भांडणात येई, निवडणुकीच्या फलकांवर येई. एवढा ओळखीचा शब्द, आणि तो कुठे तोडायचा हे मला चटकन सांगता आलं नाही. उत्तर शोधायला बसलो तेव्हा वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम आहे. निघालो तो थेट मोडीच्या बाडांपर्यंत पोहोचलो.

शब्दच नव्हते तेव्हा

पहिला धक्का हा, की शब्द तोडण्याचा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाही. कारण शब्द वेगळे लिहिण्याची सवयच जुनी नाही.

मोडीचा कागद कधी नीट पाहिला आहे का? लिहिणारा आधी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ मारायचा. मग त्या रेघेखाली अक्षरं लटकवत जायचा. शब्द कुठे संपला, हे दाखवायला मध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती. ओळ संपली की हात पुढच्या ओळीवर. शब्द मधेच तुटला तरी कुणाला काही वाटायचं नाही. ह्रस्व-दीर्घाचाही फरक मोडी सहसा करत नसे. वाचणाऱ्याला मजकुराचा साचा आधीच माहीत असे. ‘श्रीमंत’ झालं की पुढे काय येणार, ते त्याच्या तोंडात तयार असायचं. मोडी डोळ्यांनी कमी आणि सवयीने जास्त वाचली जायची.

नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाभोवती ‘ध चा मा’ची आख्यायिका उगाच तयार झाली नाही. ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही गोष्ट घडली असो वा नसो, ती लोकांना पटली. कारण कागदावरच्या एका अक्षराने माणूस जिवंत राहू शकतो किंवा मरू शकतो, हे त्यांना रोजच्या व्यवहारातून माहीत होतं. आमच्याकडच्या जमिनींच्या जुन्या नोंदी मोडीत आहेत. वडिलांच्या लहानपणी गावात मोडी वाचणारं एकच म्हातारं माणूस उरलं होतं आणि त्याला जत्रेतल्या पाहुण्यासारखा मान होता, असं ते सांगतात.

शब्दांमध्ये जागा आली ती मुख्यतः छपाईबरोबर. १८०५ साली विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा त्याला शब्द वेगळे दाखवणं भाग होतं. परक्याला भाषा शिकवायची तर ती सुटी करूनच दाखवावी लागते. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश आला. कोशात शब्द घालायचा म्हणजे तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे आधी ठरवावं लागतं. १८३२ साली ‘दर्पण’ निघालं, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं. आज आपण वापरतो ती विरामचिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. त्या चिन्हांतलीच एक छोटी आडवी रेघ म्हणजे संयोगचिन्ह. आपण तिला हायफन म्हणतो.

मग मुंबईत निर्णयसागर उभा राहिला. जावजी दादाजींनी १८६९ साली काढलेला हा छापखाना स्वच्छ, कोरीव टाइपासाठी देशभर गाजला. तिथे संस्कृत ग्रंथ छापले जात आणि संस्कृतात एकेक समास अख्खी ओळ खाऊन टाकतो. खिळे जुळवणाऱ्याला रोज तोच प्रश्न पडत असणार जो मला पडला होता : ओळ संपली, शब्द संपला नाही, आता काय?

अक्षर वेगळं, उच्चार वेगळा

शाळेत आपण शिकतो की मराठी लिहिते तशी बोलते. हे अर्धंच खरं आहे.

‘कामगार’ लिहा. चार अक्षरं आहेत : का, म, गा, र. आता मोठ्याने म्हणा. तोंडातून दोनच तुकडे निघतात : काम्-गार्. ‘म’ आणि ‘र’ यांच्यातला ‘अ’ आपण खाल्ला. लिहिताना आठवणीने लिहितो, बोलताना आठवणीने गाळतो.

आता आपल्या पनवेलला २०१६ साली मिळालेला शब्द घ्या : महानगरपालिका. लिहिताना आठ अक्षरं. बोलताना सात तुकडे : म-हा-न-गर्-पा-लि-का. ‘र’चा ‘अ’ गेला. का गेला? ‘नगर’ हा शब्द एकटा असतो तेव्हा त्याचा शेवटचा ‘अ’ गळतो : न-गर्. ‘पालिका’ जोडल्यावर तो ‘र’ आता शेवटी नाही, चांगला मध्यभागी आहे. तरी तो गळतोच. म्हणजे ‘नगर’ या शब्दाला आपण पूर्वी इथे संपत होतो हे आठवतं आहे. उलट ‘नगरी’ म्हणून पाहा : न-ग-री. तिथे ‘र’चा स्वर ठणठणीत आहे.

थोडक्यात, समासाचा जोड डोळ्याला दिसत नाही, पण कानाला ऐकू येतो. म्हणूनच मराठी वाचून दाखवणाऱ्या यंत्रांची जीभ अशा शब्दांवर अडखळते. त्यांना अक्षरं माहीत असतात, जोड माहीत नसतो.

आणि कुठल्या तुकड्यावर जोर द्यायचा? इंग्रजीत जोर हलवला की नामाचं क्रियापद होतं. मराठीत जोर बदलून शब्दाचा अर्थ बदलत नाही. म्हणून आपण समजतो की मराठीत आघात नाहीच. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिलं. त्यानंतर लगेचच हा प्रश्न युरोपात पेटला. १९१६ साली आर. एल. टर्नर नावाच्या अभ्यासकाने एक निबंध लिहिला. त्याचा दावा असा की वेदकाळी शब्दात ज्या जागी आघात होता त्याची खूण मराठीच्या स्वरांत अजून शिल्लक आहे. झ्यूल ब्लोक या फ्रेंच पंडिताला हे पटलं नाही. मराठी भाषेच्या घडणीवरचा त्याचा ग्रंथ १९२० साली पॅरिसला छापला गेला. त्याच्या मते शब्दाची लांबी आणि शेवटून मोजलेली जागा यांच्या तालावरच मराठीतले स्वर आखूड-लांब होत गेले. दोघेही फार मोठे विद्वान, आणि भांडण कशावर, तर आपण ‘मूल’चं ‘मुलाला’ का करतो यावर.

हे भांडण आपल्या तोंडात रोज चालू असतं. मूल, मुलाला. वीट, विटेला. गरीब, गरिबाला. शेवटी काही जोडलं की आधीचा दीर्घ स्वर आखडतो. वजन पुढे सरकतं. पाचवीत आपण हा नियम घोकतो आणि मार्क घालवतो. पण तो कुणी समितीत बसून काढलेला नियम नाही. तो तालाचा ठसा आहे. लिहिणाऱ्यांनी नंतर तो कागदावर उतरवून घेतला.

मिठागर

समासातही हेच होतं आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्याच भागात आहे. मीठ + आगर = मिठागर. ‘मी’चा ‘मि’ झाला, वजन ‘ठा’वर गेलं. मि-ठा-गर्. हा शब्द कुठल्या कोशकाराने पाडला नाही. ज्यांनी खाडीचं पाणी बांधात अडवलं, त्यांच्या तोंडात तो झिजून गुळगुळीत झाला. त्यातल्या ‘आगर’शी आगरी समाजाचं नाव जोडलं जातं.

असे शब्द शोधू लागलो की संपत नाहीत. फूल, पण फुलपाखरू. गूळ, पण गुळपोळी. पाणी, पण पाणकोंबडी आणि पाणवठा. घोडा, पण घोडदळ. पहिला शब्द दुसऱ्याला जागा द्यायला अंग चोरतो. दाटीच्या लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी आपण सरकतो, तसा.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र वेगळ्या पद्धतीने जोड दाखवतात. एकटा असताना ‘कवी’ दीर्घ, समासात ‘कविवर्य’. ‘गुरू’ दीर्घ, पण ‘गुरुवार’. ‘बुद्धी’, पण ‘बुद्धिबळ’. ‘नदी’ मात्र मुळातच दीर्घ, म्हणून ‘नदीकाठ’. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने स्वीकारले, त्यात ही व्यवस्था आहे. तिच्यानुसार ‘विद्यार्थिमंडळ’ लिहायला हवं. बाहेर पडून चार पाट्या वाचा, बहुतेकांवर ‘विद्यार्थी’च दिसेल.

एक पाटी तर एसटी स्टँडांवर हमखास दिसते : ‘उपहारगृह’. उपहार म्हणजे भेटवस्तू. खायची जागा असेल तर शब्द आहे उप + आहार + गृह, म्हणजे उपाहारगृह. एक काना पडला आणि वडापावच्या दुकानाचं गिफ्ट शॉप झालं. गंमत अशी की कुणी चुकीच्या दुकानात शिरत नाही. वडापावचा वास शुद्धलेखनापेक्षा जास्त खात्रीचा असतो.

वलंदेजांकडे एक चक्कर

आमच्या त्याच अ‍ॅपची डच आवृत्ती निघणार होती, म्हणून मी डच शब्दांच्या याद्याही चाळत होतो. डचांना आपल्याकडे पूर्वी वलंदेज म्हणत. सतराव्या शतकात त्यांची वेंगुर्ल्याला वखार होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत. नागरी अक्षरांशीही त्यांचा जुना संबंध आहे. १६७८ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये ‘हॉर्तुस मलबारिकुस’ या वनस्पतिग्रंथाचा पहिला खंड छापला गेला. त्यात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांचं कोकणीतलं, नागरी लिपीतलं प्रशस्तिपत्र आहे.

डच भाषा समास सलग लिहिते, मध्ये जागा सोडत नाही. कामाला अक्षम झाल्यास मिळणाऱ्या विम्याला त्यांच्याकडे एकच शब्द आहे : आर्बाइट्सऑन्गेस्खिक्तहाइट्सफर्झेकरिंग. त्यांच्या लिपीत ही ३३ अक्षरं. आधी पाहिला तेव्हा कुणाचा हात कीबोर्डवर पडला असावा असं वाटलं. पण जोड दिसले की शब्द लगेच सुटतो : आर्बाइत म्हणजे काम, मग जोडणारा ‘स’, मग अक्षमता, पुन्हा तोच ‘स’, मग विमा. तो ‘स’ म्हणजे दोन डब्यांमधला कपलिंग.

आघाताच्या बाबतीत त्यांची रीत मराठीहून वेगळी. डच समासात मुख्य जोर सहसा पहिल्या घटकावर पडतो. आपल्याकडे ‘मिठागर’मध्ये पहिला घटक आखडतो. त्यांच्याकडे पहिला छाती काढून उभा राहतो.

पण त्यांचीही फजिती होतेच. ‘क्वार्तस्लाखन’ असा एक शब्द आहे. तो क्वार्त-स्लाखन असा तोडला तर अर्थ होतो पाव-पाव वळणं. क्वार्त्स-लाखन असा तोडला तर गारगोटीचे थर. अक्षरं तीच, जोड एका ‘स’ने सरकला की डोंगर हलतो. आणि शुद्धलेखनावरून भांडणंही होतात. १९९५ सालच्या बदलात त्यांच्या धिरड्याच्या शब्दात, ‘पानकुक’मध्ये, जोडाच्या जागी एक न बोलला जाणारा ‘न’ घातला गेला. त्यावरून देशभर वाद झाला. पुढचे बदल आले तेव्हा काही वर्तमानपत्रांनी सरकारी नियम बाजूला ठेवून स्वतःचे नियम धरले. हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्या ‘विद्यार्थि’ला लांबचे का होईना, नातेवाईक आहेत.

यंत्र शब्द कसा तोडतं

फोन शब्द कुठे तोडायचा हे कसं ठरवतो? १९८३ साली स्टॅनफर्डला फ्रँक लियांग या विद्यार्थ्याने यावरच प्रबंध लिहिला. त्याचे मार्गदर्शक होते डोनाल्ड क्नुथ. प्रबंधाच्या शीर्षकातलेच शब्द त्याने ओळीच्या शेवटी तोडतात तसे रेघा घालून लिहिले होते. त्याची युक्ती अशी : अख्खा शब्दकोश साठवायचा नाही. अक्षरांचे छोटे छोटे नमुने साठवायचे आणि प्रत्येक नमुन्याबरोबर ‘इथे तोड’ किंवा ‘इथे तोडू नको’ असा आकडा ठेवायचा. ती पद्धत अजून टिकून आहे, तुमच्या खिशातल्या फोनमध्येसुद्धा.

मराठीचे नमुने संतोष थोट्टिंगल या मल्याळी प्रोग्रामरने इतर भारतीय भाषांच्या बरोबरीने तयार केले आणि सगळ्यांसाठी मोकळे ठेवले. ते साधे आणि प्रामाणिक आहेत : जोडाक्षर फोडायचं नाही, अक्षर पूर्ण झालं की तोडायला हरकत नाही. म्हणून यंत्राच्या लेखी ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणजे प्र-क-ल्प-ग्र-स्त. जिथे ओळ भरेल तिथे तोड. ‘प्रक-’ आणि ‘ल्पग्रस्त’ हे यंत्राच्या नियमाने चूक नव्हतं. त्याला अक्षर दिसत होतं, जोड दिसत नव्हता.

आणि काही शब्दांत तर जोडावर तोडायची सोयच लिपीने ठेवलेली नाही. ‘पुनर्वसन’ घ्या. जोड आहे पुनर् + वसन. पण ‘र्’ उडी मारून ‘व’च्या डोक्यावर रफार होऊन बसला आहे. तोडायचा तर ‘पुन-’ आणि ‘र्वसन’ असाच तुटतो. नीट वसवायचं म्हणून केलेला शब्द, आणि त्याचा एक अवयव कायम पलीकडच्या ओळीत. नवी मुंबईत वाढलेल्या माणसाला यावर वेगळं सांगायला नको.

‘हुतात्मा’त तर जोडच विरघळला आहे. हुत + आत्मा. ‘त’ आणि ‘आ’ मिळून ‘ता’ झाला. आता कुठे सुरी ठेवणार?

शब्द पाडणारे

हे मोठे शब्द आले कुठून? काही लोकांच्या तोंडात घडले, काही ठरवून पाडले गेले.

ठरवून पाडण्याची परंपरा शिवकाळापर्यंत जाते. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यात दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती. लक्षात घ्या, निघून गेलेले शब्दही समासच होते. ‘वाकेनवीस’ म्हणजे घडलेलं लिहिणारा. एका भाषेचे जोड उसवून दुसऱ्या भाषेचे घातले गेले.

विसाव्या शतकात सावरकरांनी रत्नागिरीतून भाषाशुद्धीची चळवळ चालवली. महापौर, दिनांक, चित्रपट, अर्थसंकल्प असे कितीतरी शब्द त्यांच्या नावावर सांगतात. ‘हुतात्मा’ही त्यातलाच. त्या वेळी या शब्दांची टिंगल झाली. आज ते वापरताना कुणी थांबतही नाही. मग राज्य झालं, १९६० साली भाषा संचालनालय आलं आणि १९६२ साली पदनाम कोश. प्रत्येक सरकारी पदाला मराठी नाव मिळालं. शब्द इतके लांब आणि जड होते की लोकांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटलं. तरी ‘जिल्हाधिकारी’ रुळलाच.

कुठला शब्द रुळतो, कुठला नाही, हे मी बराच वेळ मोजून पाहिलं. लांबीवर ते अवलंबून नाही. ‘महानगरपालिका’ सात तुकड्यांचा असून चालतो. ‘झरणी’ दोनच तुकड्यांचा, फाउंटन पेनासाठी सुचवलेला, तो पेनाच्या शाईबरोबर वाळला. मला वाटतं, लोकांना त्या शब्दाने रोज काहीतरी करावं लागलं की तो तोंडात बसतो. अर्ज करावा लागतो, रांगेत उभं राहावं लागतं, दाखला काढावा लागतो. जीभ त्याला घासून आपलासा करते.

‘प्रकल्पग्रस्त’ तसाच रुळला. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. ओवे त्यातलंच. भूसंपादन, भूखंड, पुनर्वसन, प्रकल्पग्रस्त : एका पिढीने हे सगळे समास एकदम शिकले, ते व्याकरणाच्या तासाला नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईच्या बाजूला आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यांच्यासाठी आमच्या भागाने शब्द वापरला तो ‘हुतात्मे’. रत्नागिरीत कधीतरी पाडलेला शब्द उरणच्या शेतकऱ्यांच्या तोंडी आला आणि तिथलाच झाला. त्या लढ्यातून पुढे विकसित भूखंडाची योजना आली. तिचं कागदावरचं नाव लांबलचक आहे. लोकांनी तिचा स्वतःचा समास केला : ‘साडेबारा’. टक्के नाही, योजना नाही, भूखंड नाही. ‘तुमचा साडेबारा आला का?’ एवढंच.

शेवटी कुठे तोडला

तर बग. कॉम्प्युटरमध्ये एक अदृश्य संयोगचिन्ह असतं. शब्द ओळीत मावला तर ते दिसत नाही, मावला नाही तर तिथेच शब्द तुटतो आणि रेघ उमटते. मी ‘प्रकल्प’ आणि ‘ग्रस्त’ यांच्यामध्ये ते घातलं. पाच मिनिटांचं काम. बंगळुरूच्या मुलीने हिरवी खूण केली.

त्या शनिवारी घरी गेलो तेव्हा फोन आजोबांच्या हातात दिला. आजोबा मोठेपणी, साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकले. ते अजून बोट ठेवून वाचतात. अक्षर अन् अक्षर, निर्णयसागरच्या खिळे जुळवणाऱ्यासारखे.

‘प्र-क-ल्प,’ त्यांनी वाचलं. बोट खालच्या ओळीवर गेलं. ‘ग्र-स्त.’

मग थांबले. चष्मा वर केला.

‘ह्यो ग्रस्त म्हंजे काय रं?’

चाळीस-पन्नास वर्षं हा शब्द त्यांनी सही-अंगठ्यासाठी समोर धरला होता. अख्खा शब्द त्यांना माहीत होता. तो म्हणजे आपण, एवढं पुरेसं होतं. तो दोन तुकड्यांत तुटलेला त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

मी सांगितलं, ग्रस् म्हणजे गिळणं. ग्रहणात सूर्य पूर्ण झाकला की खग्रास म्हणतात ना, त्यातलं. प्रकल्पग्रस्त म्हणजे प्रकल्पाने गिळलेला.

समासाची ही एक खोड आहे. विभक्ती गळून जाते. कुणी, कुणाला, कशाने, हे सगळं जोडाच्या फटीत जातं. ‘प्रकल्पाने’मधला ‘ने’ गेला की गिळणारा आणि गिळलेला एकाच दाखल्यावर एकमेकांना चिकटून बसतात. १९९९च्या पुनर्वसन कायद्याच्या नावात तर शब्द आहे ‘प्रकल्पबाधित’. बाधा झाली, एवढंच. दृष्ट लागावी तशी.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. खिडकीबाहेर, जिथे त्यांची भातशेती होती तिथे, आता सोसायटीच्या गाड्या उभ्या असतात.

‘गिललेला,’ ते म्हणाले. आमच्याकडे ‘ळ’चा ‘ल’ होतो. ‘बराबर लिवलंय मग.’

मग फोन परत माझ्या हातात देऊन विचारलं, ‘पन मधी ती रेघ कशाला मारलीस?’

मी म्हटलं, ‘शब्द मावत नव्हता, आजोबा.’

‘असूं दे,’ ते म्हणाले, ‘तिथंच असूं दे ती.’